दुधाच्या पिशवीचा कोपरा

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीतून दुधाची पिशवी वगळली. अट अशी की, जाडी निदान ५० मायक्रॉन असावी व परतखरेदीची किंमत, किमान ५० पैसे, तीवर छापावी. जाड पिशवी भंगारात विकली जाते, म्हणून पहिली अट सयुक्तिकच. तीपायी प्लास्टिक अधिक लागते, हे वेगळे. परंतु संगमनेर-राहुरीसारख्या, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील दुग्धप्रधान तालुक्यांत काय, मुंबईत काय, पिशवीचा कोपरा कापूनच दूध ओतले जाते. त्या कपट्यास ना मोल, ना वेचणारा. तो थेट गटारात जातो. अधिसूचनेने पिशवीची जाडी मोजली, ती उघडण्याची रीत मात्र विचारात घेतली नाही. कोपरा पिशवीलाच लोंबता राहील अशी आखणी उत्पादकावर बंधनकारक करता आली असती. ती न केल्याने सारी भिस्त गृहिणीच्या कात्रीवर राहिली आहे.