एक जिना, दोन मजले : ‘रावण आणि एडी’तील शेजार

मुंबईची चाळ मराठी वाङ्मयात वारंवार आली आहे. तिची गॅलरी, तिचा सामाईक नळ, तिची भांडणे आणि तिचे गणपती आपल्या परिचयाचे आहेत. परंतु या चित्रात आपण, म्हणजे ख्रिस्ती शेजारी, नेमके कोठे उभे आहोत, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. किरण नगरकर यांच्या ‘रावण अँड एडी’ या कादंबरीचा येथे पुनर्विचार करावयाचा आहे तो याच प्रश्नाच्या अनुरोधाने. १९९५ साली इंग्रजीतून प्रसिद्ध झालेली ही कादंबरी पुढे ‘रावण आणि एडी’ या नावाने मराठीतही आली. तिचा लेखक मूळचा मराठीचाच. त्याची पहिली कादंबरी, ‘सात सक्कं त्रेचाळीस’, १९७४ साली मराठीतच प्रसिद्ध झाली होती.

या कादंबरीचे वेगळेपण ध्यानात यावे यासाठी आधी एका थोर पूर्वसूरीचे स्मरण करणे आवश्यक आहे. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली. चाळीतील माणसे एकमेकांची उणीदुणी काढतात आणि तरीही एकमेकांवाचून त्यांचे चालत नाही, हे त्या पुस्तकाचे मर्म होय. शेवटच्या ‘चिंतना’त त्या जीवनाला एक हळवी झालर लाभते. मात्र हा जिव्हाळा साऱ्या सारख्यांमधला आहे. पावशे, सोमण, त्रिलोकेकर, नाडकर्णी यांच्या पोटजाती निराळ्या असतील, स्वयंपाकाच्या चवी निराळ्या असतील; पण सणवार एक, थट्टेचे विषय एक. एखादे ख्रिस्ती किंवा मुसलमान कुटुंब त्या चाळीच्या केंद्रस्थानी नाही. हा पु. लं.चा दोष म्हणता येणार नाही, कारण त्यांनी आपल्या परिचयाची चाळ रंगविली. दोष असलाच तर आपल्या वाचनाचा आहे. ती एक चाळ म्हणजे सगळ्या चाळी, असे आपण गृहीत धरून बसलो.

शेजाराची दुसरी बाजू मराठीत आली नाही असे मात्र नाही. बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. त्यातील शीर्षककथेचा दलित नायक उधना येथे रेल्वेच्या नोकरीवर रुजू होतो आणि जात लपवून भाड्याने राहतो. तेथे भिंतीपलीकडचा माणूस हा आधार नसून धोका आहे. शहरात खोली मिळणे आणि शेजार मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे बागुलांनी फार लवकर ओळखले होते. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दलित आणि सवर्ण यांच्यात जी दंगल उसळली, तिने हे सत्य सर्वांसमोर आणले. १६० चौरस फुटांच्या सारख्याच खोल्यांत, सारखेच भाडे भरून राहणारी माणसे एकमेकांवर उठली. जागा सारखी मिळाली म्हणून माणसे सारखी मानली जात नाहीत.

या दोन टोकांच्या मध्ये नगरकरांची चाळ उभी आहे. माझगावातील सी.डब्ल्यू.डी. चाळी हे तिचे स्थळ. त्यातील सतरा क्रमांकाच्या चाळीत वरच्या मजल्यावर गोव्याकडची कॅथलिक कुटुंबे आणि खालच्या मजल्यांवर हिंदू कुटुंबे राहतात. कादंबरीचा आरंभ एका विलक्षण अपघाताने होतो. पार्वतीबाई पवारांचे तान्हे मूल गॅलरीतून खाली पडते ते थेट व्हिक्टर कुटिन्हो या शेजाऱ्यावर. मूल वाचते, व्हिक्टर मरण पावतो आणि त्याची पत्नी व्हायोलेट त्या वेळी गर्भवती असते. वाचलेल्या रामला दृष्ट लागू नये म्हणून आई त्याचे नाव ‘रावण’ ठेवते. व्हायोलेटच्या पोटी जन्माला येतो तो एडी. एकाचे जगणे आणि दुसऱ्याचे पोरकेपण एकाच क्षणी ठरते, आणि तरीही ही दोन मुले एकमेकांना जवळजवळ भेटतच नाहीत.

शेजाऱ्यांच्या कथेत वाचकाला मैत्रीची किंवा वैराची अपेक्षा असते. नगरकर यांपैकी काहीच देत नाहीत. त्यांनी मांडली आहे ती समांतरता, आणि या कादंबरीचे खरे सामर्थ्य त्यातच आहे. रावण आणि एडी एकाच जिन्याने चढतात-उतरतात. परंतु एकाची शाळा मराठी, दुसऱ्याची इंग्रजी. एक ‘दिल देके देखो’ या हिंदी चित्रपटाने झपाटतो, तर दुसरा ‘रॉक अराउंड द क्लॉक’ने. ओढ एकच, तालही पुष्कळसा एकच, पण चित्रपटगृहे निराळी. यातील विनोद पोट धरून हसविणारा आहे आणि त्याच्या बुडाशी मोठी खिन्नता आहे. आपल्यामुळे एक माणूस मेला, ही समजूत रावण बालपणभर वागवतो. व्हायोलेटचे दुःख द्वेषात गोठून जाते. एका मजल्याचे अंतर चालून कोणी सांत्वनाला गेले असते, तर दोन्ही घरांतील ही कोंडी फुटली असती, असे वाचकाला पानोपानी वाटत राहते. लेखक मात्र तसे घडू देत नाही.

उलट तो एक तिरकस खेळ खेळतो. कॅथलिक घरातला एडी हिंदू ‘सभे’च्या शाखेत जाऊ लागतो आणि तेथील कवायत व पुराणकथा यांत रमतो. या प्रसंगांनी दोन्ही समाजांतील काही वाचक अस्वस्थ होतील. परंतु येथे थट्टा कोणाच्या श्रद्धेची नाही. मुलाला गोष्ट हवी असते, सवंगडी हवे असतात. ती गोष्ट कोणाच्या मालकीची आहे हे त्याला ठाऊक नसते. ते ठरविण्याची घाई मोठ्यांना असते. १९९२-९३ च्या दंगलींत, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार, मुंबईत ९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी वाचकांच्या हाती आलेल्या या पुस्तकातील हसू म्हणूनच निरागस राहत नाही.

एवढे श्रेय दिल्यानंतर एक आक्षेप नोंदविणे प्राप्त आहे. नगरकरांच्या मांडणीत मजल्याबरोबर भाषाही वाटली गेली आहे. खाली मराठी, वर इंग्रजी आणि कोंकणी. माझगावातील गोवेकर कुटुंबांपुरते हे चित्र खरे असेल. परंतु मुंबईचा कॅथलिक म्हणजे गोवेकर, हे समीकरण त्यामुळे अधिकच घट्ट होते. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी ज्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले, ते मुंबई-साष्टीचे मूळ रहिवासी आणि त्यांच्याप्रमाणेच वसईचे ख्रिस्ती यांच्या घरातली बोली मराठीच आहे. त्यांची लग्नगीते मराठी, त्यांच्या म्हणी मराठी. हा मराठी बोलणारा कॅथलिक या दोन मजल्यांपैकी कोठे राहणार? खालचे त्याला परका समजतात आणि वरचे गावंढळ. कादंबरीत त्याच्यासाठी जिन्याचीच जागा उरते. खरे पाहता दोन्ही मजल्यांना जोडू शकेल असा माणूस तोच होता.

त्याचे उदाहरण माझगावापासून फार दूर नाही. गिरगावातील खोताची वाडी दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी तेथील भूखंड ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले. लाकडी सज्जे, ओट्यावरचे क्रूस आणि पलीकडच्या गल्लीतला गणपती यांचा सहवास तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदला. पूर्वीच्या पासष्टांपैकी निम्मीही घरे आता शिल्लक नाहीत. वाडी पाहावयास लोक येतात, छायाचित्रे काढतात. पण त्या शेजारावर एखादी भरदार मराठी कादंबरी आपल्या समाजातील कोणी लिहिल्याचे दिसत नाही. आपले ख्रिस्ती मराठी साहित्य वसईच्या बागायतीत मनापासून रमले आणि तेथे त्याने उत्तम कामगिरीही केली. शहरातील भिंतीला भिंत लागून असलेले जगणे मात्र त्याने दुसऱ्यांच्या लेखणीवर सोडून दिले.

हा विषय केवळ मुंबईचा आणि गतकाळाचा राहिलेला नाही. कर्नाळ्याच्या सुळक्याकडे पाहणाऱ्या पनवेल परिसरात आज हाच प्रश्न नव्या रूपाने उभा आहे. जुने पनवेल हे मिश्र वस्तीचेच गाव. आगरी, कोळी, ब्राह्मण, मुसलमान यांच्याबरोबर बेने इस्राएलांचे बेथ एल हे सिनेगॉग तेथे आहे. पुढे १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवे पनवेल, कळंबोली, कामोठे या वसाहती उभारल्या आणि २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली. सिडकोच्या सोडतीत शेजारी निवडता येत नसे. चिठ्ठी निघेल तो शेजारी. मुंबईच्या चाळींतून आलेली कुटुंबे येथे दाराला दार लावून राहू लागली.

परंतु शेजारी निवडण्याची इच्छा मेलेली नाही, आणि कायद्यानेही तिला जागा ठेवली आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, सहकारी संस्था आपले सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवू शकते. आपण याकडे दुसऱ्यांचा दोष म्हणून पाहू नये. वांद्र्याची साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था १९१८ ची आहे. आपल्या माणसांना निवारा मिळावा हा तिच्यामागचा हेतू समजण्याजोगा होता. मात्र दुसऱ्या एखाद्या संस्थेत आपल्या आडनावामुळे किंवा मांसाहारामुळे घर नाकारले गेले की आपल्याला जे दुःख होते, त्याची दुसरी बाजू या इतिहासात आहे, हेही मान्य केले पाहिजे.

शेजारी कोण, असे विचारणाऱ्या शास्त्र्याला प्रभूने व्याख्या सांगितली नाही. शोमरोनी प्रवाशाची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत शेजारपण राहण्याच्या जागेवरून ठरत नाही, ते थांबण्याच्या कृतीवरून ठरते. या कसोटीला सतरा क्रमांकाच्या चाळीतील फारसे कोणी उतरत नाही. नगरकर हे कडू सत्य हसतहसत सांगतात, आणि म्हणून ‘रावण आणि एडी’ आपल्या कुटुंबांतून वाचली जावी. काही प्रसंग धीट आहेत. मुलांच्या हाती देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी ती स्वतः वाचलेली बरी.

पुढील काम मात्र आपले आहे. वरळीच्या पुनर्विकसित इमारतींत पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या. चाळीचे युग संपत आले आहे आणि उद्वाहनाने वर जाणाऱ्या माणसाला मधला मजला दिसतही नाही. नगरकरांच्या दोन मुलांना निदान एक जिना सामाईक होता. बंद दारांच्या या नव्या इमारतींत मराठी बोलणारे ख्रिस्ती कुटुंब कसे राहते, कोणाच्या दारावर थाप देते आणि कोणती थाप ऐकू येऊनही उठत नाही, हे लिहिणारा लेखक आपल्या धर्मग्रामांतूनच यावयास हवा.