त आणि ट : बाळाचा कान बंद होतो का?

तान्ह्या बाळाच्या कानाबद्दल हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं. सहा महिन्यांचं मूल कुठल्याही भाषेतले ध्वनी वेगळे ओळखतं आणि वर्षाच्या आत ती शक्ती गमावतं. आमचा आक्षेप 'गमावतं' या क्रियापदावर आहे.

हे वाक्य ज्या प्रयोगावर उभं आहे तो आपल्या त-ट वरचाच, बरं का. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी तो कॅनडात केला, १९८४ साली छापला. इंग्रजी घरातली बाळं घेतली. त्यांना हिंदीतला 'त' पुन्हा पुन्हा ऐकवायचा, मध्येच 'ट' आणायचा. बदल कळून बाळानं मान वळवली की खेळणं उजळायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या फार थोड्यांना. हिंदी घरातल्या बाळांना मात्र त्या वयातही कळत होता.

इथवर वाद नाही. पण पुढच्याच वर्षी वर्कर आणि जॉन लोगन यांनी इंग्रजी बोलणारी मोठी माणसं तपासली. दोन ध्वनींमधलं अंतर अगदी थोडं ठेवलं, तर त्यांनाही हा फरक काही प्रमाणात लागतो. म्हणजे कान शाबूत आहे! कुठल्या फरकाला अर्थ द्यायचा, कुठला सोडून द्यायचा, एवढं घराने शिकवलेलं असतं. वर्कर-टीझ यांचा स्वतःचा शब्दही 'पुनर्रचना' असा आहे. 'ऱ्हास' लोकांनी ऐकला. (भर्तृहरी बाळाच्या ठायी आधीपासूनची शब्दभावना मानतो. घराचा वाटा त्यात किती, हे त्याला विचारायला हवं. असो.)

आता हे बाभुळगावात कशाला? आपल्या वऱ्हाडी घरात 'डोळे' म्हणजे 'डोये', 'काळा' म्हणजे 'काया'. पहिलीतल्या पोराने तसं म्हटलं की एखादे गुरुजी म्हणतात, याचा कानच तयार नाही. तो तयारच आहे हो, आईच्या बोलीवर तयार झालाय! आम्हीही घरी 'डोये' म्हणत वाढलो आणि 'ळ' शाळेत शिकलो. कान कायमचा बंद झाला असता तर हे जमलं नसतं. अर्थात त-ट इतका बारीक फरक आणि आपला ळ-य यांची अडचण एकसारखी नाही, हेही मान्य. म्हणून गुरुजींना आमचं मागणं साधंच आहे : 'डोये' चूक म्हणून खोडू नका, 'डोळे' शेजारी ठेवा आणि दोन्ही म्हणायला लावा.