'संस्कार'मधील राहिलेला विधी

जन्म, विवाह व मृत्यू यांच्या विधींत व्हान गेनेपने १९०९ मध्ये विलगीकरण, संक्रमण आणि पुनःप्रवेश हे तीन टप्पे दाखवले. यू. आर. अनंतमूर्तींच्या 'संस्कार' (१९६५) या कन्नड कादंबरीला ही मांडणी लावताना प्राणेशाचार्यांच्या भटकंतीत संक्रमणावस्था पाहणे सोपे आहे. पण तेवढे वाचन अपुरे ठरते. चंद्री अहमद बारीच्या मदतीने नारणप्पाचे दहन रात्रीच, मंत्रांविना उरकते. अग्रहार मात्र प्रेत घरातच आहे असे समजून निर्णयासाठी मठापर्यंत धावतो. शास्त्रार्थ चालतो तो नसलेल्या प्रेताविषयी! अडकून पडले आहेत ते जिवंत. म्हणूनच रामानुजन यांच्या इंग्रजी अनुवादाचे (१९७६) 'मृतासाठी विधी' अशा अर्थाचे उपशीर्षक काहीसे फसवे वाटते. पुनःप्रवेश तर कादंबरीत घडतच नाही. आचार्य गाडीतून दूर्वासपुराकडे निघतात आणि निवेदन तिथेच थांबते.