पडद्यावरची उंची आणि पुस्तिकेतले उत्तर

महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांच्या बऱ्याच पुस्तिकांत स्पेक्ट्रम ॲनलायझरचा प्रयोग एकाच वाक्यावर उभा असतो: पडद्यावरील शिखराची उंची वाचा, तीच संदेशाची शक्ती. वाक्य निम्मे खरे आहे, म्हणूनच ते खोडणे अवघड जाते.

हे उपकरण कंप्रतांच्या पट्ट्यावरून जणू एक फट सरकवत नेते आणि प्रत्येक ठिकाणी फटीतून जेवढी शक्ती आत आली तेवढी उंची दाखवते. फटीची रुंदी म्हणजे रिझोल्यूशन बँडविड्थ. पावसात परात आणि तांब्या शेजारी ठेवा. परातीत पाणी जास्त जमेल. पण नळाची बारीक धार दोन्हींत सारखीच पडेल. एकाच कंप्रतेची शुद्ध लहर ही धार आहे. तिच्यासाठी पुस्तिकेचा नियम चालतो, आणि पहिला प्रयोग नेमका तिच्यावरच असतो. पुढच्या पानावर मोबाइलचा संदेश येतो. तो मात्र पाऊस आहे.

एका परीक्षेत हे पाहिले. ४जीच्या १० मेगाहर्ट्‌झ वाहिनीत संदेश सुमारे ९ मेगाहर्ट्‌झवर पसरलेला असतो. त्याची एकूण शक्ती −४० डीबीएम ठेवली होती. एका गटाने १०० किलोहर्ट्‌झची फट घेऊन −५९.५ वाचले, दुसऱ्याने १० किलोहर्ट्‌झची घेऊन −६९.५. पुस्तिकेत ‘सुमारे −६०’ छापलेले, म्हणून दुसऱ्या गटाचे गुण कापले गेले. वास्तविक दोन्ही गटांनी बिनचूक वाचले होते. चूक पुस्तिकेची, आणि तीही थोडीथोडकी नव्हे, नव्वदपट!

९ मेगाहर्ट्‌झमध्ये १०० किलोहर्ट्‌झचे ९० तुकडे बसतात, म्हणजे १९.५ डेसिबेल. ते वाचनात मिळवा. दुसऱ्या गटासाठी तुकडे ९००, म्हणून २९.५. दोघांचेही उत्तर −४०! अनेक उपकरणांत ‘चॅनल पॉवर’चे बटण हीच बेरीज करते, पण मुलांनी ती आधी कागदावर करावी. सरासरी काढायची तर शक्तीची काढावी. डेसिबेलच्या आकड्यांची काढली तर असा संदेश सुमारे अडीच डेसिबेल कमी दिसतो.

पाऊस आपण लिटरमध्ये नव्हे, मिलिमीटरमध्ये सांगतो. पर्जन्यमापकाच्या तोंडाचा आकार त्यातून आपोआप वगळला जातो. खरखरीचेही तसेच. सामान्य तापमानाला ती दर हर्ट्‌झमागे −१७४ डीबीएम, म्हणून १ किलोहर्ट्‌झच्या फटीत −१४४ आणि १० किलोहर्ट्‌झच्या फटीत −१३४. उपकरणाची स्वतःची खरखर यात आणखी भर घालते. त्यामुळे ‘खरखरीची पातळी −९० डीबीएम’ एवढेच लिहिलेल्या निरीक्षणाला, शेजारी फटीची रुंदी नसेल, तर अर्थ नाही. निरीक्षण-तक्त्यात तेवढा एक स्तंभ वाढवायला कोणाची परवानगी लागत नाही.

मग फट नेहमी अरुंदच का ठेवू नये? जवळची दोन केंद्रे वेगळी दिसतात, खरखर खाली जाते. पण वेळ लागतो. फट दसपट अरुंद केली की तोच पट्टा चाळायला साधारण शंभरपट. घाई केली तर शिखर बुटके होते, जरासे बाजूलाही सरकते, आणि इथे नळाची धारसुद्धा चुकीची मोजली जाते. बहुतेक उपकरणे तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात तशी सूचना देतात. माझ्या पाहण्यातल्या पुस्तिकांच्या आकृत्यांत तो कोपरा कापलेला आहे.