वेताळ, वस्तरा आणि मी

अद्भुत वाङ्मयाची गोडी माणसाला पहिल्यांदा कशी लागते, या विषयावर मागच्या महिन्यात आमच्या वाचनालयात परिसंवाद झाला. परिसंवाद म्हणजे पाच जणांनी एकमेकांचं न ऐकता बोलायचं आणि सहाव्यानं सगळ्यांचे आभार मानायचे. माझा नंबर चौथा होता. माझ्याआधीच्या तिघांनी आपापलं पहिलं प्रेम जाहीर केलं. एका तरुणानं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं नाव घेतलं, एका बाईंनी हॅरी पॉटरचं. तिसरे गृहस्थ निवृत्त प्राध्यापक. ते वयाच्या नवव्या वर्षी मूळ संस्कृतातला 'कथासरित्सागर' वाचून वेडे झाले होते म्हणे. मी टाळ्या वाजवल्या. पहिल्या प्रेमाविषयी माणूस चारचौघांत बोलायला लागला की उलटतपासणी करू नये, हे एवढ्या वर्षांच्या संसारानं मला शिकवलंय.

पण मनात म्हटलं, पहिलं प्रेम असं थोरामोठ्यांच्या घरची चौकशी करून कुठं बसतं? ते समोर येईल त्यावर बसतं. आणि जे समोर येतं त्याला बहुधा कव्हर नसतं.

माझं बसलं ते केस कापायच्या दुकानात. वर्ष 1965च्या आसपास, गाव तालुक्याचं. आमच्या घरात पंचांग, पाढ्यांचं पुस्तक आणि अण्णांच्या कचेरीतली जुनी परिपत्रकं एवढंच वाङ्मय. अण्णा ट्रेझरीत कारकून. गोष्टीच्या पुस्तकांना ते सरसकट 'भाकडकथा' म्हणत. सलूनमध्ये मात्र बाकावर 'चांदोबा'चे अंक पडलेले असत. हे मासिक 1947 साली मद्रासला तेलुगू आणि तमिळमध्ये निघालं आणि 1952पासून मराठीत येऊ लागलं. वेताळाच्या मूळ गोष्टी पंचवीस. त्या संपल्यावर कुठल्याही प्रामाणिक वेताळाला पेन्शन मिळायला हवी होती. पण मद्रासकरांनी त्याला पुढं कित्येक वर्षं दरमहा नवी गोष्ट रचून झाडावर लटकत ठेवला. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला तो विक्रम राजा शंकर नावाच्या चित्रकारानं काढलेला. ते गृहस्थ 2020 साली गेले, तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

या वाचनापायी मी महिन्यातून तीनदा केस कापून घेऊ लागलो. आई म्हणायची, "मुलगा टापटिपीचा आहे हो!" डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा कारागीरच म्हणाला, "बाळ, आता पुढच्या महिन्यात ये."

एकच अडचण होती. वस्तऱ्याचा साबण पुसायला कारागिराला कागद लागे, आणि तो कागद याच ग्रंथालयातून जाई. हाताला येईल ते पान तो फाडायचा आणि आरशाशेजारच्या खिळ्याला टोचून ठेवायचा. लागेल तसं एकेक काढून त्यावर वस्तरा पुसायचा. त्यामुळं त्या दुकानातल्या कुठल्याच गोष्टीला शेवट नसे. राजपुत्र राक्षसाच्या गुहेत शिरे आणि तिथंच राही. मी निम्म्या राजघराण्यांना असं गुहेत सोडून घरी आलेलो आहे.

एकदा तिथं 'वेताळपंचविशी'ची एक जुनी प्रत आली. मराठीत हे पुस्तक सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी 1830 साली आणलं. आमची प्रत तेवढी जुनी नसावी, पण दिसायला होती. त्यात ती प्रसिद्ध गोष्ट वाचली. देवीच्या देवळात एका बाईचा नवरा आपलं मस्तक देवीला वाहतो, पाठोपाठ त्याचा सोबती तेच करतो. काही पोथ्यांत हा सोबती बाईचा भाऊ असतो, काहींत नवऱ्याचा मित्र. देवी प्रसन्न होऊन बाईला म्हणते, डोकी धडांना लाव, दोघं उठतील. बाई घाईघाईत डोकी उलटसुलट लावते. दोघंही उठून बसतात. वेताळ विचारतो, आता तिचा नवरा कोणता? आणि पुढचं पान नाही.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटी पानावर बसल्याबसल्या मी अण्णांनाच विचारलं. त्यांनी भुवया वर केल्या आणि आमटीचा भुरका मारला. आई तेवढी म्हणाली, "अरे पण तिला कुणी विचारलं का, तुला कोणता हवा म्हणून?" अण्णांनी तिच्याकडंही तसंच बघितलं. विषय संपला.

पुढच्या रविवारी रात्री अण्णा जेवायला बसले. मानेवर पावडर होती. वरण कालवताना ते एकदम म्हणाले, "ज्याला नवऱ्याचं डोकं, तो नवरा. डोकं म्हणजे हेड ऑफिस. बाकीच्या शाखा." आणि गप्प झाले. कारण नसताना अण्णा आपणहून माझ्याशी बोलले, याचं मला वेताळापेक्षाही आश्चर्य वाटलं.

आता ज्यासाठी मला परिसंवादाला बोलावलं होतं तो मुद्दा. मूल अद्भुतावर भाळतं ते चमत्कारामुळं, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. डोकी धडाला चिकटली, याचं मला काहीच वाटलं नव्हतं. देवी म्हणाली, चिकटली. मी अडकलो तो चिकटल्यानंतरच्या हिशेबात. उत्तम अद्भुतकथेत एक चमत्कार उधार मिळतो, पुढचा सगळा व्यवहार रोखीचा असतो. 'तिळा तिळा दार उघड' म्हटलं की गुहा उघडते, हे फुकट. पण कासीमला आत गेल्यावर तीळ सोडून बाकीची धान्यं आठवतात आणि त्याची किंमत तो मानेनं चुकती करतो. (अलिबाबाची गोष्ट जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीच. अलेप्पोच्या हन्ना दियाबनं 1709 साली पॅरिसमध्ये ती गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराला सांगितली. म्हणजे अख्ख्या जगाला अरबस्तानचं वेड लावणारी गोष्ट मागच्या दारानं आत आलेली.) विक्रमाचंही तेच. बोललास तर मी पळेन, आणि उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील! दहा वर्षांच्या पोराला ही अट लगेच कळते, कारण शाळेत त्याची रोज हीच अवस्था असते.

टॉल्किनसाहेबांनाही हे जरा उशिराच लक्षात आलं असावं. त्यांचं 'हॉबिट' 1937चं. त्यातली अंगठी घातली की माणूस दिसेनासा होतो, एवढाच तिचा गुण. गॉलम तर ती कोड्यांच्या पैजेत बक्षीस म्हणून द्यायला तयार असतो. पुढच्या मोठ्या ग्रंथासाठी या अंगठीची जबर किंमत ठरली, तेव्हा त्यांनी मागचं प्रकरण बदलून 1951च्या आवृत्तीत नवं घातलं. जुनी उधारी वसूल केली म्हणा ना! हल्लीच्या काही जाडजूड मालिकांत नायक अडला की त्याला प्रकरणागणिक नवी शक्ती मिळते. मला त्या वाचवत नाहीत. दर महिन्याला नवं कर्ज काढणाऱ्या शेजाऱ्याची प्रगती बघावी तसं वाटतं.

फाटलेल्या पानाचंही काही नुकसान नाही, उलट झाला तर फायदाच. टोमास मान या जर्मन लेखकानं 1940 साली हीच उलटलेली डोकी घेऊन कादंबरिका लिहिली, आणि 1971 साली गिरीश कर्नाडांनी कन्नडमध्ये 'हयवदन'. खानोलकरांनी ते मराठीत आणलं. दोघंही विक्रमाच्या उत्तरावर थांबत नाहीत. डोक्याच्या हुकमानं धड हळूहळू बदलतं, तेव्हा त्या बाईचं काय होतं, हे ते विचारतात. कर्नाडांचं नाटक बघताना मी अंधारात दचकलो. हा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरात आधीच येऊन गेला होता, आणि विचारणारीनं चौथीनंतर शाळा सोडली होती.

परिसंवादात हे सगळं बोलायला मला दहा मिनिटं होती. सातव्या मिनिटाला घंटा झाली.

'वेताळपंचविशी'ची धड प्रत मला पुढं बऱ्याच वर्षांनी पुण्यात फुटपाथवर मिळाली. तेव्हा अण्णा नव्हते. उभ्याउभ्याच ते पान काढलं. उत्तर अण्णांचंच होतं, आणि कारणही तेच. सगळ्या अवयवांत मस्तक श्रेष्ठ. फक्त हेड ऑफिस नव्हतं.

अण्णा महिन्यातून एका रविवारी त्याच सलूनमध्ये जात. आम्हां मुलांना खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून तिच्यावर बसवत आणि मान खाली घालायला लावत. मोठी माणसं खुर्चीत ताठ बसत. तिथून आरशाशेजारचा खिळा अगदी डोळ्यांसमोर येई.