गोसावी

गेल्या मार्गशीर्षात धाकट्या नातवाला घेऊन चिंचवडला गेलो होतो. पवनेकाठी मोरया गोसावींच्या समाधीला हात जोडून झाल्यावर त्याने हळूच विचारले, "आजोबा, गोसावी म्हणजे दारोदार भीक मागणारे ना? मग त्यांचे देऊळ कसे?"

प्रश्न पोराचा, पण दोष आपण मोठ्यांचा.

'गोसावी' हे 'गोस्वामी'चे मराठी रूप. 'गो' म्हणजे गाय, तशीच इंद्रियेही. त्यांचा जो धनी, तो गोस्वामी. तेराव्या शतकातले 'लीळाचरित्र' उघडून पाहावे. म्हाइंभट चक्रधरस्वामींना पानोपानी गोसावी म्हणतात; तेथे या शब्दाचा अर्थ साक्षात परमेश्वर! पुढे मराठेशाहीच्या पत्रांत 'राजश्री अमुक गोसावी यांसी' असा मायना पडू लागला. घोड्यावरचा सरदार गोसावी, तसा बैठकीवरचा मुत्सद्दीही गोसावी. मठातल्या गोसाव्यांतही पुढे कोणी सावकारी केली, कोणी हत्यार धरले, कोणाच्या खांद्यावर झोळी आली. नाणे फार पाडले की त्याचा भाव उतरतो, तसे झाले.

आज तीच गत 'महाराज' या शब्दाची. लग्नघरी जिलब्या तळणारे महाराज, आणि व्यासपीठावर हारतुरे घेणारेही महाराज. 'बुवा'ची कथा तर याहून बोलकी आहे. कीर्तनातले बुवा आदराचे. पण त्यालाच 'बाजी' जोडली की सारा आदर संपतो. भाषा कोणावर फिर्याद करीत नाही; एवढासा प्रत्यय लावून मोकळी होते.

चिंचवडचे नवल निराळे. मोरयांचे चिरंजीव चिंतामणी यांना तुकोबांनी 'देव' म्हटले, असे परंपरा सांगते. तेच घराण्याचे आडनाव झाले. मुलाला 'देव' मिळाले, तरी वडील गोसावीच राहिले. आणि त्यात कोणाला काही उणे वाटले नाही.

नातवाला मी म्हटले, "बाळ, मोरयांनी हा शब्द कमावला. बाकीच्यांनी नुसता लावला."

परतताना पिंपरीजवळ कारखान्यांची पाळी सुटली होती. बसमध्ये मुंगीला वाव नव्हता. एका कामगाराने डबा सावरीत उठून मला जागा दिली. "या महाराज, बसा!"

नातू माझ्याकडे पाहून खुदकन हसला. दिवसभर उभा राहून राबलेला तो माणूस पुन्हा उभाच राहिला होता, आणि महाराज मी! मी ओशाळून बसलो.