आधी कौलं, मग रंग

आमच्या जोयडा तालुक्यात जुनी बाजारपेठ दाखवा म्हटलं तर दाखवायला काही नाही. ती होती सुप्यात. काळी नदीवर 101 मीटर उंचीचं धरण उभं राहिलं आणि तालुक्याचं ठाणंच पाण्याखाली गेलं. कचेऱ्या जोयड्याला आल्या, माणसं रामनगरला आणि कुठेकुठे वसली. रामनगरची पेठ नवी, सिमेंटची. म्हणून जुन्या इमारती वाचवण्याबद्दल कुणी बोलू लागलं की मी कान देऊन ऐकते, आणि बहुतेक वेळा चिडून उठते.

पैशाची चणचण असली की या विषयावर दोनच सूर निघतात. एक म्हणतो, खायचे वांधे असताना भिंती कसल्या सांभाळता, पाडा. दुसरा म्हणतो, दर्शनी भाग तरी झकास करू, पर्यटक येतील, पैसा येईल. मला दोन्ही पटत नाहीत. पण दुसरा जास्त फसवा, कारण तो प्रेमानं बोलतो.

घाट उतरला की आमचं मोठं शहर पणजी. तिथे 1842 साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची जुनी इमारत आहे. 2004 साली इफ्फी गोव्यात आला आणि त्या निमित्तानं तिची दुरुस्ती झाली. काम वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पण दुरुस्ती ठरली ती सोहळ्याच्या तारखेवरून. जिथे रोज रुग्ण आणि विद्यार्थी येत, ती आता सणासुदीची वास्तू झाली : इफ्फी, आणि 2016 पासून सेरेंडिपिटी. फोंतैन्हासमध्ये तर रंगीत घरांवर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लागल्या आहेत. आत कुणी जेवतंय, कुणी आजारी आहे, याचं भान बाहेरच्याला कुठून असणार?

उलट टोक मुंबईत. एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. बिडाचा सांगाडा इंग्लंडात घडवून इथे आणून जोडलेला. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईनं पहिल्यांदा पाहिली ती इथेच. पुढे खोल्यांचे गाळे झाले, वकिलांच्या कचेऱ्या आल्या. 1947 च्या कायद्यानं भाडी गोठली. तो कायदा नसता तर किती साधी माणसं मुंबईत राहिली असती, हेही विचारायला हवं. पण तुटपुंज्या भाड्यात मालक दुरुस्ती करीना, आणि भाडेकरू म्हणे इमारत माझी नाही. 2005 साली एक भाग कोसळला, 2019 साली सगळ्यांना बाहेर काढलं. वारशाच्या यादीत नाव होतं, पण यादीला डागडुजीचा खर्च जोडलेला नव्हता.

त्याच मुंबईत दादाभाई नौरोजी रोडवर मात्र एक शहाणं काम झालं. तिथल्या कमानींवर दुकानांच्या पाट्या वाटेल तशा चढल्या होत्या, कमानीच दिसेनात. दुकानदारांना समजावून पाट्या कमानीच्या आत, मापात बसवून घेतल्या. दुकानं चालू, माणसं जागेवर. खर्च थोडा आणि तोही वाटून. मंदीच्या दिवसांत जमेल असं हेच.

याहून स्वस्त गोष्ट आमच्याकडे पूर्वापार चालत आलेली आहे. बासेल मिशननं 1865 साली मंगळूरला कारखाना काढला तेव्हापासून ही लाल कौलं सगळ्या किनारपट्टीवर आणि घाटावर पसरली. एक फुटलं तर तेवढंच बदलता येतं. मेमध्ये माणूस वर चढतो, कौलं चाळतो, दोन दिवसांची मजुरी घेऊन जातो. ते चुकलं की पाणी रिपेत, रिपेतून वाशात, वाशातून भिंतीत. दोन दिवसांच्या मजुरीचं काम पाच-सहा पावसाळ्यांत लाखांवर जातं, मग तज्ज्ञ येतात, मग आराखडा.

आम्हा जैनांनाही बोलायला तोंड नाही. नव्या मंदिरापेक्षा जीर्णोद्धाराचं पुण्य मोठं, हे लहानपणापासून ऐकलं. पण जीर्णोद्धार म्हणजे काय, तर जुन्या दगडी बस्तीत चकचकीत फरशी, खांबांना ऑइल पेंट, आणि दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी. दरवर्षी छत बघायला कुणी देणगी देत नाही. त्याची पाटी कुठे लावणार?

तालुक्यात जुनं म्हणावं असं कॅसलरॉक उरलंय. 1961 पर्यंत हे सरहद्दीचं स्टेशन, इथे जकातीची तपासणी होई. गोवा मुक्त झाला, सरहद्दच गेली आणि गावाचं कामही गेलं. उद्या तिथे कुणी रंगाचे डबे घेऊन आलं तर मी एवढंच विचारणार आहे : या मेमध्ये वर कोण चढणार, आणि त्याची मजुरी कोण देणार? ‘ते नंतर बघू’ असं उत्तर आलं तर डबे परत न्यावेत.